१३० तासांतला एक तास: जिल्हा परिषद शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात सगळ्या राज्यांना बजावले, की विशेष शिक्षकांची पदे मंजूर करून जाहीर करा, भरतीला लागा आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांची पात्रता छाननी समितीकडून तपासून घ्या. प्रमाण याच खटल्यातल्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले होते: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४,८६० पदांचा निर्णय घेतला, म्हणजे शाळांच्या एका केंद्राला (जवळपासच्या शाळांच्या गटाला) एक. कंत्राटाच्या टांगत्या तलवारीखाली काम करणाऱ्यांना यातून स्थैर्य मिळते आणि ते हवेच होते.

पण हिशेब करून पाहा. केंद्रात १३-१४ शाळा धरा. महिन्याचे २३ कामाचे दिवस. त्यातले चार तालुक्याच्या बैठका आणि शिबिरांत जातात, चार घरीच शिकणाऱ्या मुलांच्या भेटींत, एखादा प्रशिक्षणात. उरले १४. शाळेला महिन्यातून एक दिवस आला. शाळेत अशी चार मुले असतील, तर एका मुलाच्या वाट्याला तास-सव्वा तास. ते मूल महिन्याला सुमारे १३० तास शाळेत असते. उरलेले १२९ तास ते वर्गशिक्षकांकडे असते, त्यांच्या इतर पस्तीस मुलांबरोबर. केंद्रात ४० दिव्यांग मुले असतील तर वरच्या प्रमाणाने तिथे तीन-चार विशेष शिक्षक हवेत. ती मागणी शासनाकडे आहे आणि आम्ही ती करतच राहू. हे पत्र तुम्हाला लिहितोय, कारण हा एक दिवस कसा वापरायचा हे तुमच्या हातात आहे.

सध्या तो साधारण असा वापरला जातो. विशेष शिक्षक येतात. एखादे गुरुजी रजेवर असले की त्यांचा वर्ग यांच्याकडे जातो. कुणी रजेवर नसले तर दिव्यांग मुलांची यादी, आधार, बँक खाते, फोटो, अर्ज. मग मुलाला वर्गाबाहेर काढून वऱ्हांड्यात अर्धा तास मणी ओवायला किंवा आकार जुळवायला बसवतात, बहुतेक वेळा खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला, म्हणजे ज्या एका तासाची ते मूल वाट बघत असते त्याच वेळी. वर्गशिक्षकांना यातले काहीच कळत नाही. पुढच्या महिन्यापर्यंत मूल पुन्हा मागच्या बाकावर.

हा क्रम बदला. शाळा साडेदहाला भरत असेल तर पहिला तास विशेष शिक्षकांनी मागे बसून फक्त पाहावे: मूल फळ्यावरचे उतरवताना कुठे अडते, सूचना ऐकते की शेजाऱ्याची वही बघून उठते. नंतरची ४० मिनिटे मुलाबरोबर काम, पण वर्गशिक्षकांच्या डोळ्यांदेखत. त्या वेळी वर्ग तुम्ही सांभाळा. मुख्याध्यापकांनी महिन्यातून ४० मिनिटे वर्ग घेतला, एवढ्यावर ही सगळी व्यवस्था उभी राहते किंवा पडते. मधल्या सुट्टीनंतर तीच कृती वर्गशिक्षकांनी करून दाखवावी आणि विशेष शिक्षकांनी दुरुस्त करावी. जमल्यास दुपारी पालक. शेवटची २० मिनिटे भेटपुस्तिकेत तीन ओळी: आज काय दिसले, उद्यापासून रोज काय करायचे, पुढच्या भेटीत काय मोजायचे. ‘शाळेस भेट दिली, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले’ या वाक्याखाली सही करू नका.

चाळणीकडे, म्हणजे कोणत्या मुलाला खास मदत लागेल हे हेरण्याकडे वळू. एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही तपासणीसूची आता अॅपवर आहे. पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा, दुसरा विशेष शिक्षकांनी. ही चाळणी आहे, निदान नाही, आणि तिथेच गोंधळ होतो. एका बैठकीत साऱ्या वर्गाचे रकाने भरले की यादी फुगते आणि खरे मूल तिच्यात हरवते. सूची भरण्याआधी चार गोष्टी बघा, त्याच क्रमाने.

आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी हे मूल हजर राहील हे पाहा आणि पुढे पाठवायचे ठरले तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी हातात घ्या. वाहता कान असलेले मूल पावसाळ्यात कमी ऐकते आणि उन्हाळ्यात बरे ऐकते. शिक्षकांना ते ‘मनात आले की ऐकतो’ असे दिसते. दुसरे, हजेरी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले मूल दिवाळीनंतर चार-पाच महिने शाळेबाहेर असेल, तर तिसरीत वाचता न येणे ही अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणितात अडणे) नव्हे, न मिळालेले शिक्षण आहे. तिसरे, घरची भाषा. गोंडी, कोरकू, पावरी किंवा गोरमाटी बोलणारे मूल मराठी वाचनात अडखळणारच. त्याला त्याच्या भाषेत एखादी गोष्ट सांगायला लावा आणि ती भाषा जाणणाऱ्याला ऐकायला बसवा. गोष्ट क्रमाने, कार्यकारणासह आली तर घाईने शिक्का मारू नका. चौथे, भूक, झोप आणि भीती. हे सगळे पाहूनही प्रश्न उरला तर सूची भरा.

अध्ययन अक्षमतेबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही मुले तुमच्या शाळेत आहेत आणि ती यादीत नसतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेने चाळणी करायची असते. आपल्याकडे ती दहावीचा अर्ज भरताना आठवते.

मराठीत हा दोष कसा दिसतो ते इंग्रजी तक्त्यांतून कळत नाही. बी-डी उलटे लिहिणे ही खूण आपल्या लिपीला तशी लागू नाही. इथे मूल घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य यांत घोटाळते. ‘ख’ला ‘रव’ वाचते. पहिली वेलांटी त्याला चकवते, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. रफाराचे त्याच्या उलट: ‘गर्दी’तला र आधी ऐकू येतो, पण बसतो ‘दी’च्या डोक्यावर. काना, मात्रा, वेलांटी, उकार चारी बाजूंनी येतात, आणि ज्या मुलाला ध्वनी सुटे करून ऐकता येत नाहीत त्याच्यासाठी ती नुसती रेघोट्यांची गर्दी असते.

दहा मिनिटांत करता येणारी एक पाहणी सांगतो. चार चिठ्ठ्या करा. पहिलीवर बिनकाना-मात्रेचे दहा शब्द: घर, नळ, कमळ, बदक, मगर असे. दुसरीवर स्वरचिन्हांचे दहा: पाटी, पिशवी, दुकान, शेळी, मैदान. तिसरीवर जोडाक्षरे आणि रफार: रस्ता, पुस्तक, चंद्र, सूर्य, गर्दी. चौथीवर अर्थ नसलेले पाच शब्द, म्हणजे टमक, निपू, गेसा यासारखे. मुलाला एकेक वाचायला सांगा, मध्ये दुरुस्त करू नका, जसे वाचले तसे लिहून घ्या. पहिली चिठ्ठी जमली आणि दुसरी अडली तर काम स्वरचिन्हांवर. पहिल्या तिन्ही बऱ्यापैकी जमल्या आणि चौथी साफ कोसळली, तर मूल शब्दाचा चेहरा पाठ करून वाचते आहे. असे मूल दुसरीपर्यंत हुशार वाटते आणि चौथीत, पाठ्यपुस्तक जाड झाले की, एकदम बसते. पहिलीच चिठ्ठी जमली नाही तर अक्षरओळखीपासून सुरुवात, मग ते मूल पाचवीत का असेना.

बाराखडी सुरात घडाघडा म्हणता येणे हा वाचनाचा पुरावा नाही. ‘क ला काना का’ म्हणणारे मूल ‘काम’पाशी थांबते, कारण त्याला गाणे येते, जोडणी येत नाही. आधी कान तयार करा. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरते? ‘काम’मधल्या ‘का’च्या जागी ‘ना’ ठेवला तर? वही-पाटीशिवाय, ओळीत उभे असताना करता येणारे हे काम आहे. मग पाच-सहा अक्षरे आणि फक्त काना घ्या, त्यांतून बनतील तेवढे शब्द वाचून घ्या आणि ते पक्के झाले की पुढचे चिन्ह. वेलांटी वेगळ्या रंगाच्या खडूने काढा. रोज १५ मिनिटे: पाच जुन्याला, सात नव्याला, तीन लिहायला. आठवड्यातून एकदा दीड तास बसवल्याने हे होत नाही. आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. ते मूल चुकीचा शब्दच दहा वेळा लिहिते आणि तो पक्का होतो.

यातल्या कशासाठीही दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. दाखला परीक्षेतल्या सवलतींसाठी आणि योजनांसाठी लागतो. शिकवायला आजपासून सुरुवात करता येते.

आता वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तो सगळ्या मुलांसाठी एकाच मजकुराने लिहिला जातो आणि फाइलमध्ये जातो. उद्दिष्टाच्या रकान्यात ‘वाचन सुधारणे’, ‘सामाजिक कौशल्ये विकसित करणे’. असे उद्दिष्ट पुरे झाले की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. असे लिहा: ‘३१ ऑगस्टपर्यंत काना आणि दुसरी वेलांटी असलेले, आधी न पाहिलेले २० शब्द दिले तर १६ मदतीशिवाय वाचेल. आज ५ वाचते. रोज परिपाठानंतर १५ मिनिटे, वर्गशिक्षक. घरी ५ मिनिटे, मोठी बहीण.’ तारीख, आकडा, वेळ, माणूस. एका मुलाला एका वेळी तीन उद्दिष्टे पुरेत आणि त्यातले एक स्वावलंबनाचे असू द्या: डबा स्वतः उघडणे, शौचालयाला जायचे आहे हे खुणेने सांगणे, दप्तर भरणे. कागद एकच, तोही फाइलमध्ये नको. वर्गशिक्षकांच्या हजेरीपटात ठेवा, म्हणजे रोज दिसतो. तीन महिन्यांत उद्दिष्ट गाठले नाही तर मुलाला दोष देण्याआधी पाहा, १५ मिनिटे खरोखर रोज झाली होती का. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलासाठी रोज सकाळी एक मिनिट. त्याच्या मागे उभे राहून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढा. ऐकू आला की त्याने हात वर करायचा. कालपर्यंत सहा होते आणि आज चारच आले, तर सेल संपला, नळीत पाणी साचले किंवा कानात मळ आहे. सेलवरचा चिकट कागद काढला की तो हवेने चालू होतो, वापरला नाही तरी उतरतो. म्हणून चारी सेल एकदम सोलून ठेवू नका. यंत्र शिट्टी मारत असेल तर कानातला साचा सैल झाला आहे. मूल वाढते, साचा वाढत नाही. पालकांना नवा साचा घ्यायला पाठवा. शिट्टी बंद व्हावी म्हणून आवाज कमी करून ठेवणे ही फार दिसणारी चूक आहे, त्याने मूल पुन्हा बहिरे होते. बसायला पहिली किंवा दुसरी रांग आणि खिडकी शिक्षकांच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळोखात जातो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी ६ डिसेंबर २०२४ पासून भारतीय सांकेतिक भाषेसाठी आहे. ती मुलाइतकीच वर्गमित्रांना दाखवा. खुणा येणारे मूल वर्गात एकटेच असेल तर ते बोलणार कुणाशी?

अल्पदृष्टीच्या मुलासाठी वेगळ्या पुस्तकाची वाट पाहत बसू नका. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ए-४ पान ए-३ कागदावर छापले की अक्षर सुमारे १.४ पट होते. पुस्तकातले १४ पॉइंट २० च्या जवळ जाते. सगळे पुस्तक नको, त्या महिन्याचे धडे छापा. चकचकीत कागद टाळा, डोळ्यांवर उजेड परततो. आठवीच्या पुढच्या मुलांना सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांच्या ऑनलाइन वाचनालयाचे सभासद करून घ्या आणि अँड्रॉइड फोनवरचे, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे टॉकबॅक शिकवा. मराठी आवाज त्यात आहे. मात्र स्कॅन केलेले पान म्हणजे चित्र, ते टॉकबॅकला नीट वाचता येत नाही. शिक्षकांनी गटावर टाकलेले स्वाध्यायाचे फोटो या मुलासाठी कोरे असतात. तेच प्रश्न टाइप करून पाठवा.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची बैठक आधी नीट करा, अक्षर नंतर बघू. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. कंबर, गुडघा, घोटा काटकोनात येतील अशी उंची आणि पायाखाली लाकडी खोके. वही चिकटपट्टीने बाकाला लावा. शिबिरात मोजमाप होऊन कॅलिपर किंवा खुर्ची हातात पडेपर्यंत महिने जातात, तोवर मूल दोन बोटे वाढलेले असते. साहित्य मिळाल्याच्या दिवशीच घालून बघा आणि बसत नसेल तर त्याच पावतीवर तसे लिहून द्या. न बसणारे साहित्य घरी माळ्यावर जाते आणि कागदावर मात्र मुलाला ‘लाभ’ मिळालेला असतो.

रॅम्पबद्दल एवढेच, की उतार १ ला १२ हवा. जोते ६० सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब होतो, म्हणून तो वळवून बांधावा लागतो. जागा वाचवायला पायऱ्यांवरच दोन मीटरचा सिमेंटचा घसरगुंडा टाकला तर त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, पावसाळ्यात धडधाकट मूलही पडते. आणि रॅम्पवरून वर्गात पोचलेले मूल शौचालयात जाऊ शकते का, हे त्याच दिवशी तपासा. शौचालयाचे दार बाहेर उघडणारे आणि मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर हवी. ते नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. तुम्हाला ते दिसणार नाही, कारण त्या सांगत नाहीत.

पैशाचे मूळ यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत आहे. मुलाच्या नोंदीत दिव्यांगत्वाचा प्रकार आणि मिळालेल्या सुविधा भरलेल्या नसतील तर ते मूल निधीच्या आराखड्यात धरले जात नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत प्रतिमुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, मुलींना महिना २०० प्रमाणे दहा महिन्यांचे विद्यावेतन, शिवाय गरजेनुसार प्रवास आणि मदतनीस भत्ता. चूक बहुतेक दोन ठिकाणी होते: आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव जुळत नाही, किंवा खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असते. जूनमध्येच तपासा. मार्चमध्ये लक्षात आले की वर्ष गेले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. फार थोड्या पालकांना ती ठाऊक असते.

घरी शिक्षणाचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आला. तो तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा हक्क आहे, शाळेची सोय नव्हे. ‘याला घरीच ठेवा, आम्ही हजेरी लावतो’ असे पालकांना सुचवणे बेकायदा आहे आणि ते घडते, हे आपण सगळे जाणतो. घरीच शिकणाऱ्या मुलालाही आठवड्यातून एक दिवस, परिपाठ आणि पोषण आहारापुरते का होईना, शाळेत आणा. वर्गातल्या मुलांना त्याचे नाव माहीत असले पाहिजे.

परीक्षेतल्या सवलतींबद्दल एक सूचना. जादा वेळ, लेखनिक, भाषेची सूट हे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये आहे, मेहरबानी नाही. पण लेखनिकाला उत्तर सांगणे हे वेगळे कौशल्य आहे: वाक्य पुरे करून सांगणे, विरामचिन्हे सांगणे, ‘पुन्हा वाच’ म्हणणे, वेळेवर लक्ष ठेवणे. दहावीच्या पेपरला पहिल्यांदाच लेखनिक मिळालेले मूल गोंधळते आणि येत असलेलेही सोडून देते. पाचवीपासून प्रत्येक घटक चाचणीत ती सवय लावा. दाखल्याचे काम नववीच्या सुरुवातीला हाती घ्या. मोठ्या रुग्णालयांत तपासणीच्या तारखा लांब मिळतात आणि बौद्धिक चाचणी, वाचन-लेखन-गणिताची चाचणी, डोळे-कान असे तीन-चार हेलपाटे पडतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईचे तेवढे दिवस बुडतात. शक्य असेल तिथे एकाच दिवशी सगळे होईल अशी वेळ शाळेच्या पत्राने मागा. शाळेचे पत्र असले की फरक पडतो. सोबत त्या मुलाच्या दोन वर्षांच्या वह्यांतली पाने आणि शिक्षकांची निरीक्षणे जोडा. मानसशास्त्रज्ञाला गुणपत्रिकेपेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

केंद्रप्रमुखांना एक विनंती. केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेत अर्धा तास या विषयाला ठेवा. भाषणे नकोत. प्रत्येक शाळेने एका मुलाचा आराखडा आणावा, नाव झाकून. विशेष शिक्षकांनी त्यातले एकेक उद्दिष्ट वाचावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: हे पुरे झाले हे कसे कळणार, आणि रोज कोण करणार? ज्या कागदावर याचे उत्तर नसेल तो तिथेच बसून पुन्हा लिहावा. विशेष शिक्षकांचे पुढच्या महिन्याचे भेटींचे वेळापत्रकही त्याच दिवशी भिंतीवर लावा, आणि बदली तास कुणी मागितला तर ते दाखवा.

आपले,
राज्यातल्या शाळांत काम करणारे काही विशेष शिक्षक